मऊ अंगाचे दिवस

क्रेफिश हा गोड्या पाण्यातला जीव, दिसायला आपल्या शेवंडीचा धाकटा भाऊ. युरोप-अमेरिकेत अनेक घरांत तो काचेच्या टाकीत हौसेने पाळतात. एखाद्या सकाळी मुले पाहतात तर तळाशी क्रेफिश निपचित पडलेला. नांग्या, पाय, मिशा, डोळ्यांवरचे आवरणसुद्धा जागच्या जागी! मेला म्हणून रडारड होते. मग कळते की ते नुसते रिकामे कवच आहे आणि त्याचा धनी दगडाच्या कपारीत लपून बसला आहे. चिंबोऱ्या हाताळणाऱ्यांना यात फारसे नवल वाटणार नाही.

कवच टणक असते, ते वाढत नाही. आतला जीव मात्र वाढत असतो. म्हणून लहान क्रेफिश पहिल्या वर्षात अनेकदा आणि मोठा वर्षातून एकदा-दोनदा कात टाकतो. तयारी आधीपासून चालते. जुन्या कवचातला काही चुना तो काढून घेतो आणि जठराच्या भिंतीत दोन पांढऱ्या चकत्यांच्या रूपाने साठवतो. (पूर्वी युरोपात या चकत्या 'खेकड्याचे डोळे' या नावाने पोटातल्या आम्लावर औषध म्हणून देत.) आत नवे मऊ कवच तयार झाले की तो पाणी घेऊन फुगतो, पाठ व शेपटीच्या सांध्यात फट पडते आणि तो मागच्या मागे बाहेर सरकतो.

यात काही क्रेफिश अडकून मरतातही. पाळणाऱ्याचा हात अशा वेळी शिवशिवतो, जरा ओढून मोकळे करावे असे वाटते. पण अंग इतके मऊ असते की पायच तुटून हाती यायचा. मग करायचे काय? नुसते बघत राहणे ही दया की निष्काळजीपणा?

मला वाटते, उत्तर टाकीतच आहे. हात लावायचा नाही. पण दुसरा क्रेफिश असेल तर त्याला आधीच वेगळे ठेवायचे, कारण मऊ झालेल्या भावाला तो खाऊन टाकतो. लपायला कपार द्यायची. आणि जुने कवच घाण समजून काढून टाकायचे नाही, कारण चुन्यासाठी क्रेफिश स्वतःच ते हळूहळू खातो. 'जुने टाका, नवे व्हा' असे सांगणाऱ्या आम्हा उपदेशकांना हे उदाहरण जरा अडचणीचेच! नवरा जाऊन महिना झाला नाही तोच 'त्याचे कपडे वाटून टाक, म्हणजे विसरशील' असे एखादीला बजावणारे नातलग आपण पाहतो. हेतू चांगला असतो.

आणखी एक गोष्ट. क्रेफिश, कोळंबी यांच्या छोट्या मिशांच्या बुडाशी वाळूचे कण असतात. त्यांवरून त्यांना वर-खाली कळते. कात टाकताना तेही जातात आणि नवे घ्यावे लागतात. १८९३ साली व्हिएन्नातील शास्त्रज्ञ आलोइस क्राइडल यांनी कात टाकलेल्या कोळंबीला वाळूऐवजी लोखंडाचा कीस दिला. तिने तोच आत घेतला. वर लोहचुंबक धरताच ती उलटी झाली!

म्हणजे मऊ दिवसांत आजूबाजूला जे पडलेले असते, त्यावरूनच वर काय नि खाली काय हे ठरते. दहावीनंतर खोलीचे दार लावून बसणाऱ्या मुलाशी आपण बोललो नाही तरी चालेल कदाचित; पण दाराबाहेर आपण शेजाऱ्यांविषयी, पैशाविषयी, त्याच्याविषयी काय बोलतो ते त्याला ऐकू जात असते.

अर्थात माणूस म्हणजे क्रेफिश नव्हे. दाराआड कुणी खरोखरच खचत असेल तर दार ठोठावलेच पाहिजे. शिवाय क्रेफिशचे कवच काही दिवसांत टणक होते. माणसाचा असा हिशेब नाही. कुणी महिन्याभरात सावरतो, कुणाला दोन पावसाळे लागतात, आणि तोवर घरातल्या कुणाला तरी त्याचे ताट झाकून ठेवावे लागते.