क्रुसाखालचा डाव



आपल्या जुन्नरहून नाणेघाटात गेलेल्यांनी सातवाहनकाळातील लेणे, त्यातील ब्राह्मी शिलालेख आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण पाहिला असेल. तिथल्याच कातळावर ओळीने कोरलेले छोटे खळगे मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. ते खेळाचे पट आहेत. खळग्यांत खडे टाकीत जायचे, की झाला खेळ. घरापासून दूर, पहाऱ्यावर किंवा वाटेत थांबलेल्या माणसाला दगडही सोबती होतो. रोमन शिपायांचेही तसेच. यरुशलेमेतील जुन्या फरसबंदीवर असे कोरलेले पट आजही दिसतात.

यात वाईट काय? काहीच नाही. खेळताना शिपायातला माणूस जागा राहतो. पण संत योहानाच्या शुभवर्तमानात, 19 व्या अध्यायात, चार शिपाई क्रुसाखाली बसून बिनशिवणीच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकतात. वर एकजण प्राण सोडतो आहे आणि यांची नजर खाली आहे. ते फार क्रूर असतील असे नव्हे. त्यांना सवय झाली होती.

आता 1914 चा नाताळ आठवा. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांची युद्धविरामाची विनंती सरकारांनी मानली नव्हती. तरीही पश्चिम आघाडीवर काही ठिकाणी ब्रिटिश व जर्मन शिपाई खंदकांबाहेर आले. त्यांनी आपापले मृत पुरले, तंबाखू वाटून घेतली, कुठे कुठे चेंडूही खेळले. ज्याच्याशी खेळलो त्याच्यावर गोळी झाडणे जड जाते. वरिष्ठांनी पुढे असा मेळ सक्त मना केला, तो उगाच नव्हे.

खेळणे दोन्हीकडे होते. एका डावाने समोरचा माणूस झाकला, दुसऱ्याने तो दाखवला. म्हणून डाव मांडताना स्वतःला विचारावे, आपली पाठ कोणाकडे झाली आहे?

मध्यंतरी एका आजाऱ्याला पवित्र तेल लावून आम्ही त्याच्या उशाशी बसलो होतो. थोड्या वेळाने हात खिशातल्या मोबाइलकडे गेला. क्रिकेटचा स्कोअर पाहायचा होता. मान वर केली, तर तो आमच्याकडेच पाहत होता. बोलला काही नाही. त्या दिवसापासून क्रुसाखालच्या शिपायांना नावे ठेवायला आमची जीभ धजत नाही.

या आठवड्यात घरी पत्ते, कॅरम जरूर खेळा. खाटेवरच्या आजीलाही डावात घ्या. तिला खेळणे जमत नसेल, तर निदान तिच्याकडे तोंड करून बसा.