‘काही नाही’ हे उत्तर

आंबेगाव तालुक्यात घोड नदीच्या काठी आमच्या परिचयाचे एक वृद्ध शेतकरी राहतात. साठी उलटल्यावर त्यांचे कान हळूहळू मंदावले. प्रथम नातवंडांचे बोलणे समजेना, मग सुनांचे; आता ओसरीवर चार माणसे बसली की त्यांस कोणाचेच समजत नाही. कोणी काही विचारले तर ते मान हलवून ‘हो, हो’ म्हणतात. मंडळी हसली की तेही हसतात. एखादे वेळी धीर करून शेजारच्यास विचारतात, “काय झालं?” उत्तर मिळते, “काही नाही.”

हे दोन शब्द आपणांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी उच्चारले असतील. त्यांत कोणास दुखविण्याचा हेतू नसतो. पुन्हा सांगण्याचा कंटाळा एवढेच कारण. तरी आम्ही विचारतो, हे उत्तर खरे आहे काय? काही झाले म्हणूनच तर मंडळी हसली. आणि त्या वृद्धांचे ‘हो, हो’ तरी खरे आहे काय? न ऐकलेल्या गोष्टीस त्यांनी होकार दिला. अशी दोन लहान असत्ये एकाच घरात नांदतात, आणि दोन्हीकडची माणसे भली असल्यामुळे त्यांस कोणी असत्य म्हणत नाही. परंतु त्या होकारावर उद्या बांधाचा, वाटणीचा किंवा औषधाचा निर्णय उभा राहिला, म्हणजे ती लहान राहत नाहीत.

ओरडून बोलल्याने हे संकट टळत नाही. वार्धक्यात सर्व ध्वनी सारखे मंद होत नाहीत. बहुधा उंच ध्वनी आधी जातात. स, श, फ यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि स्वर तेवढे उरतात. म्हणून कोणी बोलत आहे हे कळते, काय बोलत आहे हे कळत नाही. श्रवणयंत्राने पुष्कळांस चांगले साहाय्य होते व ते अवश्य घ्यावे. पण बोलण्याबरोबर ते भोवतालचा गलबलाही वाढविते. जे कानांच्या आवाक्याबाहेर गेले ते डोळ्यांच्या आवाक्यात आणणे, हा आणखी एक मार्ग उरतो.

उतारवयात नवी भाषा कशी यावी, असे कोणी म्हणेल. ह्याच पुणे जिल्ह्यात केडगावी पंडिता रमाबाई होऊन गेल्या. वैद्यकी शिकावी ह्या इच्छेने त्या 1883 साली इंग्लंडला गेल्या. परंतु वाढत्या बहिरेपणामुळे ते घडले नाही. तरी पुढे त्यांनी 1889 साली शारदासदन स्थापिले, केडगावी मुक्तिसदन उभारिले, आणि हिब्रू व ग्रीक शिकून 1922 साली देह ठेवण्यापूर्वी बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यांच्याच मुक्तिसदनात अंध स्त्रिया बोटांनी वाचावयास शिकत. डोळ्यांचे काम बोटे करू शकतात, तर कानांचे काम डोळ्यांस का देऊ नये?

ह्यात कमीपणा कसला? पूर्वी बैलबाजारांत उपरण्याखाली बोटे धरून मोठमोठे सौदे होत, आणि त्यांची कोणास लाज वाटत नसे. अर्थात तो केवळ आकड्यांचा संकेत होता. बहिऱ्यांची सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. भारतीय सांकेतिक भाषेत ‘काय’, ‘कोठे’ हे शब्द बहुधा वाक्याच्या शेवटी येतात, आणि भुवयांची हालचालही अर्थाचा भाग असते. नवी दिल्लीस 2015 साली तिच्यासाठी केंद्रीय संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. त्या संस्थेच्या कोशात 2018 साली 3,000 शब्द होते, 2021 साली 10,000 झाले. त्यांच्या चित्रफिती आज खेड्यातही मोबाइलवर पाहता येतात.

परंतु ज्याचे हरवले त्यानेच नवे शिकण्याचा भारही वाहावा, हा न्याय आहे काय? आम्हांस तो अर्धाच न्याय वाटतो. भाषा एकट्याची नसते. आजोबांनी दोनशे खुणा पाठ केल्या आणि घरात एकासही त्या येत नसल्या, तर ते पूर्वीपेक्षा अधिकच एकाकी होतील. म्हणून ज्यांस ऐकू येते त्यांनी आधी आरंभ करावा. सत्तरीत ही भाषा अस्खलित येणार नाही, बोटेही आखडलेली असतील; पण आरंभी वीस खुणा पुरेत: पाणी, औषध, दुखते, कोण आले, थांबा, पुन्हा सांगा. जुन्नरकडे उसात बिबट्या वावरतो. रात्री मळ्याच्या वाटेवर मागून मारलेली हाक ज्यास ऐकू येत नाही, त्यास विजेरीचा झोत आणि एक ठरलेली खूण जीवदान देईल.

जखऱ्याची कथा वाचकांस ठाऊकच आहे. बाळाच्या नावाविषयी वाद पडला तेव्हा शेजारी त्यास वगळून मोकळे झाले नाहीत. त्यांनी खुणा करून बापाचे मत विचारले, आणि त्याने पाटी मागून ते लिहून दिले. त्या शेजाऱ्यांस काही मोठी विद्या येत होती असे नव्हे. ह्या माणसास विचारल्यावाचून पुढे जावयाचे नाही, एवढे त्यांस कळत होते.

आमच्या त्या परिचितांची धाकटी नात आता मोबाइलवर पाहून खुणा शिकते आणि आजोबांस शिकविते. परवा ओसरीवर सगळे हसले, तेव्हा ती उठून उजेडात आजोबांसमोर बसली आणि काही खुणांनी, काही पाटीवर लिहून तिने ती गंमत पुन्हा सांगितली. इतरांचे हसणे केव्हाच संपले होते. मग आजोबा हसले. आज संध्याकाळी आपल्या घरी कोणी “काय झालं?” असे विचारील, तेव्हा वाचकांनीही क्षणभर थांबावे, समोर बसावे, आणि जे झाले ते सांगावे.