शरण्याचे कर्तव्य

आश्रय मागणारा आणि काम मागणारा हे दोघेही परक्या राज्याच्या दारी अर्ज घेऊनच उभे राहतात. तथापि पहिल्याच्या अर्जाला त्याच्यावर ओढवलेल्या भयाचा आधार असतो, तर दुसऱ्याच्या अर्जाला त्याच्या उपयुक्ततेचा, आणि या दोन आधारांतून राज्यावर येणारे बंधन सारखेच असते काय, हा धर्मविचाराइतकाच नीतिशास्त्राचाही प्रश्न आहे. कतारमधील दोहा शहराच्या अल मुंतझा भागात नोकरीनिमित्त राहणारी भारतीय कुटुंबे दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांचा निवासपरवाना ‘कफील’शी, म्हणजे परदेशी माणसाची कायदेशीर हमी घेणाऱ्या मालकाशी, निगडित असतो आणि बायकामुलांचे वास्तव्य कमावत्याच्या परवान्यावर टिकून असते. नोकरी बदलताना जुन्या मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणण्याची अट २०२० मध्ये रद्द झाली, ही मोठीच सुधारणा होय. परंतु कामावाचून वास्तव्याला आधार नाही, ही मूळ चौकट बदललेली नाही.

आश्रयाची व्यवस्था निराळी आहे. कतारच्या राज्यघटनेचे ५८ वे कलम राजकीय आश्रिताला परक्या राज्याच्या स्वाधीन करण्यास मनाई करते, आणि त्याला अनुसरून झालेला २०१८ चा ११ वा कायदा हा आखाती देशांतील या विषयावरचा पहिला कायदा ठरला. आश्रिताला काम करण्याचा हक्क आणि काम मिळेपर्यंत निर्वाहभत्ता देऊन या कायद्याने एक महत्त्वाची गोष्ट ओळखली आहे, ती अशी की, उपजीविकेविना दिलेले अभय माणसाला जिवंत ठेवते, पण परावलंबीही ठेवते. मात्र तोच कायदा आश्रिताला राजकीय कार्य करू देत नाही. म्हणजे बोलल्यामुळे ज्याला देश सोडावा लागला, त्याला सुरक्षिततेच्या मोबदल्यात मौन पत्करावे लागते.

परंपरेच्या कसोटीवर ही अट उतरत नाही. वाल्मीकिरामायणातील बिभीषण रावणाला अप्रिय पण हिताचा सल्ला दिल्यामुळे लंकेबाहेर पडला. सुग्रीवाने त्याच्याविषयी उघड संशय घेतला, तरीही रामाने त्याला अभय दिले, आणि पुढे समुद्र ओलांडण्याच्या प्रश्नावर त्याचे मत विचारले गेले. शरण येणारा तो शरणागत आणि त्याला आश्रय देणारा तो शरण्य. या नात्यात कर्तव्याचा भार मुख्यतः शरण्यावर असतो. कुराणाच्या नवव्या सूरेतील सहावी आयतही संरक्षण मागणाऱ्या अनेकेश्वरवाद्याला संरक्षण देऊन सुरक्षित ठिकाणी पोहोचवण्यास सांगते, आणि त्यासाठी धर्मांतराची अट घालत नाही.

पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचे उदाहरण या दोन्ही प्रकारांत बसत नाही. त्यांच्या चित्रांवरून झालेले अश्लीलतेचे खटले दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये रद्द केले, पण धमक्यांमुळे सोडलेल्या देशात ते परतू शकले नाहीत. २०१० मध्ये कतारने त्यांना थेट नागरिकत्व दिले आणि २०११ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. कीर्तीमुळे मिळालेला आश्रय उदार असला, तरी तो सामान्य माणसाच्या हक्काचा पुरावा ठरत नाही. कामासाठी आलेला आणि दरम्यान मायदेशी परतणे धोक्याचे झालेला कामगार मात्र, नोकरी सुटताच, आपले भय नव्याने सिद्ध करण्याच्या टप्प्यावर येतो. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात कतार सहभागी नाही आणि भारतही नाही. कतारपाशी निदान आश्रयाचा कायदा आहे, भारताने निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा अद्याप केलेला नाही.