आठ खिडक्यांच्या जागी पाच

२०२५ च्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याने आमच्या जबलपूरच्या घरातलं जेवणाचं टेबल दोन महिने अडवून ठेवलं होतं. लेगोच्या सुट्या ठोकळ्यांतून तो एअर इंडियाचं बोइंग ७४७ बांधत होता. आमच्या डुमना विमानतळावर दिसतात ती एटीआर, नाहीतर एअरबस ३२०. ७४७ त्याने फक्त पडद्यावर पाहिलेलं. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये एअर इंडियाचं शेवटचं ७४७ मुंबईहून कायमचं अमेरिकेला गेलं, त्याचा व्हिडिओ पाहून हे वेड लागलं.

शंभरास एक असं प्रमाण त्याने धरलं होतं. खरं विमान सत्तर मीटरच्या थोडं वर, म्हणजे हे सत्तर सेंटिमीटर. लेगोच्या ठोकळ्यावरची दोन बटणं एकमेकांपासून बरोबर ८ मिलिमीटरवर असतात. आठ बटणांची रुंदी घेतली की विमानाचं पोट जवळजवळ अचूक बसतं. पण खिडक्या बसेनात. ७४७ च्या दोन खिडक्यांमध्ये वीस इंचांचं अंतर असतं, मॉडेलमध्ये ते होतं ५ मिलिमीटर, आणि बटण तर ८ मिलिमीटरला एक. "मावशी, हिसाब जमत नाहीये," तो म्हणाला. (इथल्या मराठीत हिशेबाला हिसाबच म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना ते खटकतं, आम्हाला त्यांचं खटकणं.) शेवटी त्याने हिसाब जमवला : जिथे खऱ्या आठ खिडक्या, तिथे पाच. रांग तशीच दिसते. प्रत्येक खिडकीभोवतीची लाल झरोक्याची महिरप, जी एअर इंडियाच्या त्या काळच्या विमानांची ओळख होती, तीही आली.

मला यात नवल वाटलं नाही. अनुवादात मी हेच करते. मूळ वाक्यात आठ गोष्टी असतात, मराठी वाक्य पाचांतच श्वास टाकतं, आणि रांगेची लय राहिली तर उरलेल्या तीन कुठे गेल्या हे कुणी विचारत नाही. आठ मिलिमीटरचा ठोकळा पाच मिलिमीटरचा करता येत नाही. त्यात लबाडी नाही.

१२ जूनला अहमदाबादला विमान कोसळलं. आठवडाभर त्याने ठोकळ्यांना हात लावला नाही. मग जुन्या अपघातांविषयी वाचत बसला, आणि एका संध्याकाळी फोन घेऊन माझ्याकडे आला. ज्या फोटोवरून तो इतके दिवस बांधत होता, त्या विमानाचा क्रमांक होता व्हीटी-ईएफओ. ही अक्षरं त्याने छापून, कापून तयारही ठेवली होती. ते विमान म्हणजे 'सम्राट कनिष्क'. २३ जून १९८५ रोजी माँट्रियलहून लंडनमार्गे भारताकडे येताना, सामानात ठेवलेल्या बॉम्बने आयर्लंडजवळ अटलांटिकवर फुटलेलं. ३२९ माणसं होती. एकही वाचलं नाही.

"आता नाव लिहू की नको?"

माझ्या बहिणीने, त्याच्या आईने, तिथल्या तिथे निकाल दिला : असलं नाव घरात नको. दुसऱ्या एखाद्या विमानाचा नंबर लाव, नाहीतर कोरं सोड. मीही आधी 'कोरं सोड'च म्हटलं. माझं कारण अपशकुनाचं नव्हतं. ती माणसं कुणाच्या खेळण्यात यायला निघाली नव्हती, असं मला वाटलं.

तो वाद घालू लागला. लेगोने २०२३ मध्ये काँकॉर्डचा दोन हजारांवर तुकड्यांचा संच काढला. २००० साली पॅरिसजवळ काँकॉर्ड पडून ११३ माणसं गेली, तरी त्या संचाला कुणी नाक मुरडलं नाही. आणि आपण दिवाळीत किल्ला करतो, त्यावर 'पन्हाळा' अशी पाटी लावतो, खाली खिंड करून बाजीप्रभूही उभा करतो. तिथे माणसं मेली नाहीत का?

काँकॉर्डचं उत्तर सोपं होतं. ते विमानाच्या जातीचं नाव आहे. जातीला अपघात होत नाही, एका विमानाला होतो. किल्ल्याने मात्र मला गप्प केलं. बाजीप्रभू कशासाठी उभा आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून आपल्याला तो मातीचा करून मांडता येतो. प्रवासी कशासाठीच उभा नसतो. तो नुसता खिडकीपाशी बसलेला असतो. शिवाय त्या ३२९ जणांचे मुलगे, बहिणी, आईबाप आज आहेत. साडेतीनशे वर्षांचं अंतर मध्ये नाही.

इतकं सुचल्यावर कोऱ्या विमानाचा निकाल पक्का व्हायला हवा होता. पण मला मथुरेच्या संग्रहालयातली कनिष्काची मूर्ती आठवली. तिला डोकं नाही, हातही तुटलेले. पायघोळ अंगरखा आणि जाड बूट तेवढे आहेत. तरी हा कनिष्कच, हे आपण ठामपणे सांगतो, कारण अंगरख्यावर नाव कोरलेलं आहे. ते पुसलं तर उरेल कुणीतरी कुषाण. अनुवादात सगळे शब्द बदलतात, विशेषनाम तेवढं जसंच्या तसं नेतात. ते गाळलं तर मजकूर कुणाचाच राहत नाही.

मग त्या खिडक्या पुन्हा डोळ्यांपुढे आल्या. तीन खिडक्या गेल्या त्या ठोकळ्यापायी. नाव गेलं तर आमच्यापायी जाईल, आणि आम्ही म्हणू, जागा नव्हती. हे मी कामात केलेलं आहे. एकदा मूळ लेखकाने नावानिशी लिहिलेला माणूस मी 'एक परिचित' करून टाकला आणि वाक्याचा ओघ पुढे केला. कोऱ्या विमानात त्या फोटोतली महिरप, लाल पट्टा, सगळं देखणेपण आम्ही ठेवणार होतो, आणि फक्त माणसं खाली उतरवणार होतो. ते मला नाव लिहिण्यापेक्षा वाईट वाटलं.

मी त्याला तसं सांगितलं, आणि एक अटही सांगितली. आयर्लंडमध्ये आहाकिस्ता इथे किनाऱ्यावर त्या विमानाचं स्मारक आहे, मधोमध सूर्यघड्याळ. दरवर्षी नातलग तिथे जमतात. आपल्याकडे कुणी स्मारक मागितलेलं नाही, तेव्हा आपलं हे स्मारक नव्हे. पण नाव लिहिलंस, तर ते हातात धरून घूंऽऽ करत घरभर फिरवता येणार नाही. तो पंधरा वर्षांचा आहे. अर्धं बांधलेलं विमान तो रोज तसं फिरवायचा, आम्ही नाही असं बघून. त्याने दोन दिवस घेतले.

बहीण अजून नाराज आहे, त्यामुळे विमान माझ्या खोलीत, शब्दकोशांच्या वरच्या फळीवर आलं. अक्षरं मागच्या बाजूला थोडी तिरकी चिकटली आहेत. शेजारचं लहान पोर आलं आणि वर बोट दाखवू लागलं, की भाचा खणातून सहा-सात ठोकळ्यांचं दुसरं एक विमान काढतो, खिडक्या नसलेलं, आणि ते त्याच्या हातात देतो.