मुहूर्ताच्या गाड्या

दसऱ्याच्या दिवशी आंबिवलीहून टिटवाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर झेंडूचे हार घातलेल्या नव्याकोऱ्या गाड्या एकामागून एक जाताना दिसतात. शोरूममधून थेट महागणपतीच्या दारी, तिथे नारळ फुटला, पेढे वाटले की मग घरी. कल्याण परिसरातल्या कित्येक घरांचा हा रिवाज आहे आणि त्यातला आनंद खरा आहे. उभी हयात लोकलच्या गर्दीत गेलेल्या माणसाने हप्त्याने का होईना, गाडी घेतली, तर तिला हार घालावासा वाटणारच. पण ती गाडी शोरूमपर्यंत आणणारा कोण, आणि आपण धरलेल्या मुहूर्ताचा भार त्याच्यावर कसा पडतो, हा विचार मला गेले काही दिवस सोडत नाही.

आंबिवलीजवळच्या मोहन्यात राहणारे असे एक चालक माझ्या ओळखीचे आहेत. वडील एनआरसी या तिथल्या रेयॉन कंपनीत होते. 2009 मध्ये कंपनी बंद पडली आणि कामगार वसाहतीतल्या अनेक मुलांप्रमाणे यांनीही मिळेल ते काम धरलं. आधी भिवंडीच्या गोदामांचा टेम्पो, मग ट्रक, आणि आता कार कॅरियर. हा ट्रेलर जवळजवळ लोकलच्या एका डब्याएवढा लांब असतो. आत दोन मजले असतात आणि लहान गाड्या असल्या तर आठ मावतात. चाकणच्या कारखान्यांतून माल उचलायचा आणि विक्रेत्याच्या यार्डात नेऊन उतरवायचा.

गाड्या चढवताना मी एकदा त्यांना पाहिलं. आधी वरचा मजला भरायचा. त्यांनी कमरेचा पट्टा काढला, खिशातल्या किल्ल्या नि सुटे पैसे काढून ठेवले, मनगटावरचं घड्याळही उतरवलं. बक्कल किंवा किल्ली दाराला नुसती घासली तरी ओरखडा उठतो. आरसे मिटून, बोटभर जागा राखत गाडी रॅम्पवरून वर नेली. आत दार पुरतं उघडत नाही. अंग चोरून, पोट आत घेऊन बाहेर निघावं लागतं. मग गुडघ्यांवर बसून चाकांना पट्टे आवळायचे आणि प्रत्येक पट्टा ओढून बघायचा. हेच आठ वेळा. हे सगळं होतं तेव्हा प्रवास अजून सुरूसुद्धा झालेला नसतो. आपल्या मालकीची नसलेली, कधी होईल असं वाटतही नसलेली वस्तू इतक्या जपणुकीने हाताळणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

यार्डात पोचल्यावर विक्रेत्याची माणसं टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरतात. कुठे पोचा, कुठे ओरखडा, ते पावतीवर लिहिलं जातं आणि पुष्कळदा ती भरपाई चालकाच्या भत्त्यातून कापली जाते. तपासणी हवीच, ग्राहकाचे पैसे आहेत. मला बोचतं ते वेगळंच. ओरखड्याची नोंद करायला त्या कागदावर जागा आहे, पण चालक शेवटचा कधी झोपला हे लिहायला जागा नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 मध्येच कायदा झाला. दिवसाला आठ तास काम, लांब पल्ल्याला फार तर दहा, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं त्यात लिहिलं होतं. आज हे तास पाळले जातात का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "दादा, तास कोण मोजतो? फोन येतो तो एवढाच, की कुठवर आलास."

आणि हा फोन सर्वांत जास्त कधी वाजतो? दसरा आणि दिवाळीच्या तोंडावर. पितृपक्षात सहसा कुणी गाडी घरी आणत नाही. पंधरा दिवस थांबलेली मागणी घटस्थापनेनंतर एकदम उसळते आणि बहुतेकांना गाडी दसऱ्यालाच हवी असते. यार्डात गाड्या असतात, पण नेमका हवा तो रंग, हवं ते मॉडेल बऱ्याचदा अजून वाटेवर असतं. बोरघाट उतरून कळंबोलीमार्गे आलं की ठाण्याच्या हद्दीत जड वाहनांना ठरावीक तासांतच प्रवेश मिळतो. मग मुंब्रा बायपासच्या कडेला गाडी लावून बसायचं. तिथून आंबिवलीचं घर लोकलने तासाभराच्या अंतरावर असतं, पण लाखोंचा माल सोडून जाता येत नाही. स्वच्छतागृह सापडेल तिथे. जेवण मिळेल ते. झोप केबिनमध्ये, आणि त्यांच्या केबिनला एसी नाही, मागच्या आठही गाड्यांना आहे. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, हे चांगलंच झालं. पण रस्त्यावरचे जुने ट्रक अजून बरीच वर्षं धावणार आहेत.

दसरा हा मुळात हत्याराच्या पूजेचा दिवस. ज्याच्या जिवावर पोट भरतं ते साधन त्या दिवशी धुऊन-पुसून, हार घालून ठेवायचं. गवंडी थापी ठेवतो, शिंपी मशीन पुजतो. या चालकाचं साधन म्हणजे तो ट्रेलर, आणि गेल्या दसऱ्याला त्यांनी त्याची पूजा खालापूरच्या पुढे रस्त्याकडेला केली, विकतच्या दोन हारांनी. घरी आपट्याची पानं वाटायला धाकटा भाऊ होता. त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मी मात्र ते तक्रार म्हणूनच नोंदवून घेतलं, कारण कष्टकऱ्याच्या सणाचा आपण खरेदीचा सण केला आणि कष्टकऱ्यालाच रस्त्यावर ठेवलं.

यात कंपनीचा, वाहतूकदाराचा, सरकारचा वाटा मोठा आहे, हे मला मान्य आहे. पण घाईचं मूळ एका तारखेत आहे आणि ती तारीख बुकिंगच्या फॉर्मवर आपण लिहितो. दसऱ्याला पैसे भरा, पूजेला पावती ठेवा, आणि गाडी येईल तेव्हा येऊ द्या. आमच्या इमारतीतल्या एका कुटुंबाने तसंच केलं. आजी आधी थोड्या नाराज होत्या. गाडी चार दिवसांनी, एका साध्या मंगळवारी आली. शोरूममध्ये गर्दी नव्हती, त्यामुळे तिथल्या मुलाने एकेक बटण समजावून सांगितलं. संध्याकाळी टिटवाळ्याला जाऊन आल्यावर आजींनी विचारलं, गाडी इथवर आणली कुणी? घरात कुणालाच सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सुनेने शोरूमला फोन लावला, ट्रेलरवाल्यांना तुमच्या यार्डात आंघोळीची आणि झोपायची सोय आहे का, हे विचारायला.