‘कर्ज’ या शब्दातील कात्री

‘कर्ज’ हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की तो मुळात अरबी आहे, हे ध्यानातही येत नाही. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. अरबीत त्याच्या मूळ धातूचा अर्थ ‘कापणे’ असा आहे. कात्रीला ‘मिकराज’ म्हणतात ते यावरूनच. शुक्रवारी आपण सूरह अल-कहफचे पठण करतो. मावळता सूर्य गुहेतील तरुणांना टाळून डावीकडे जातो, असे तीत वर्णन आहे (१८:१७). तेथील क्रियापदही याच धातूचे आहे.

मग कर्जात कापले जाते ते काय? देणारा आपल्या मालमत्तेतून एक तुकडा कापून दुसऱ्याच्या हाती ठेवतो. म्हणजे कात्री देणाऱ्याच्या मालमत्तेवर चालते. व्याजाच्या व्यवहारात मात्र ती उलटी फिरते आणि घेणाऱ्याची मिळकत महिन्यामागून महिना कातरत राहते.

येथे एक आक्षेप घेतला जातो. मुद्दल परत मिळते हे खरे; पण मधल्या काळात तो पैसा देणाऱ्याच्या कामी आला नाही, त्याची भरपाई त्याने का मागू नये? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. ते दिवस खरोखरच कापले गेलेले असतात आणि मुद्दल फिटले तरी ते परत येत नाहीत. पवित्र कुरआन मात्र या त्यागाचा हिशेब दुसऱ्या ठिकाणी मांडतो. जो अल्लाहला ‘कर्जे-हसना’ देईल त्याला अल्लाह कितीतरी पटींनी परत करील, असे वचन त्यात आहे (२:२४५). ही आयत मुख्यतः अल्लाहच्या मार्गात खर्च करण्याविषयी आहे. तरीही तिने शब्द निवडला तो कर्जाचा. ज्या त्यागाचा मोबदला अल्लाहने स्वतःकडे घेतला, तो गरजवंताकडूनही मागणे म्हणजे एकाच तोट्याची दोनदा वसुली होय.

याचा अर्थ घेणारा मोकळा सुटला असा नाही. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (२:२८२) मुदतीचे कर्ज लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदार ठेवण्याविषयी आहे. ऐपत असूनही फेड लांबवण्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जुलूम म्हटले आहे. ऋण काढून सण करणाऱ्याने हे विसरू नये. मात्र जो खरोखर अडचणीत आहे त्याला सवड द्यावी आणि माफ करता आले तर ते अधिक चांगले, अशी शिकवण आहे (२:२८०).

मराठीत या भावनेला जवळचा एक घरगुती शब्द आहे : ‘हातउसने’. त्यात व्याज गृहीतच नसते, परतफेड मात्र असते. म्हणून दवाखान्यासाठी किंवा मुलांच्या फीसाठी कोणी आपल्या दारी आले, तर रक्कम लिहून ठेवावी, मुदत ठरवावी, साक्षीदार घ्यावेत; यात अविश्वास नाही, आज्ञापालन आहे. आणि देताना वाढीव रुपयाची अट घालू नये. आपल्या मालमत्तेतून जे कापले गेले, त्याची नोंद अल्लाहजवळ आहे.