वरच्या फळीवरची कादंबरी

काही महिन्यांपूर्वी रविवारची मिस्सा आटोपून मी देवळाच्या पायऱ्या उतरत होतो, तेव्हा एका मातेने मला थांबविले. तिच्या हाती एक मराठी कादंबरी होती. नववीत शिकणाऱ्या मुलीच्या दप्तरात ती सापडली होती. “फादर, यात एका मुलीवर तिच्याच नात्यातला माणूस अत्याचार करतो. असलं पुस्तक कितव्या वर्षी वाचायला द्यावं?” तिला एक आकडा हवा होता. मी तो देऊ शकलो नाही. का देऊ शकलो नाही, हे तिच्यासारख्या सर्वच पालकांना सांगणे मला अगत्याचे वाटते.

आकड्याचा मोह समजण्यासारखा आहे. चित्रपटांना वयाचा दाखला मिळतो; २०२३ च्या कायदादुरुस्तीने तर त्यात सात, तेरा व सोळा अशा पायऱ्याही आखून दिल्या. पुस्तकांना आपल्या देशात असा दाखला नाही. ख्रिस्तसभेने मात्र एके काळी पुस्तकांवर फार कडक पहारा ठेवला. १५५९ साली पोप पौल चौथे यांनी निषिद्ध ग्रंथांची सूची जाहीर केली आणि ती परंपरा चारशेहून अधिक वर्षे चालली. १९६६ मध्ये, पोप पौल सहावे यांच्या कारकिर्दीत, त्या सूचीचे कायदेशीर बंधन संपले. श्रद्धेला व नीतीला घातक असेल ते टाळण्याचे कर्तव्य उरलेच. परंतु ते ओळखण्याचा भार आता वाचकाच्या विवेकबुद्धीवर आला.

ही विवेकबुद्धी यावी तरी केव्हा? १९८३ च्या कॅनन लॉनुसार सात वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला समज आली आहे, असे गृहीत धरले जाते. म्हणूनच त्या वयाच्या सुमारास आपण त्याला पापनिवेदनासाठी तयार करतो. आठव्या वर्षी स्वतःचे पाप ओळखण्याइतके शहाणे मानलेले मूल चौदाव्या वर्षी पापाची कथा वाचण्यास मात्र आपल्याला अपात्र वाटते, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे.

येथे एक जुना खटला आठवतो. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ साली एका दिवाळी अंकात छापली गेली आणि अश्लीलतेच्या आरोपावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६९ मध्ये न्यायालयाने ती कथा अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. लैंगिकतेचा नुसता उल्लेखही किशोरांना अयोग्य ठरवला, तर त्यांना निव्वळ धार्मिक पुस्तकेच वाचावी लागतील, अशा आशयाचे मत त्या निकालात आहे. न्यायमूर्तींविषयी पूर्ण आदर बाळगून म्हणतो, तीही वाट तितकीशी सुरक्षित नाही! शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा तेरावा अध्याय उघडून पाहावा. दावीद राजाच्या तामार नावाच्या मुलीवर तिचाच सावत्र भाऊ अम्नोन बलात्कार करतो. दुसरा भाऊ अब्शालोम तिला गप्प राहायला सांगतो. राजाला संताप येतो. पण तो करीत काहीच नाही. राजवाडा गप्प राहिला. पवित्र शास्त्र मात्र गप्प राहिले नाही.

गप्प बसवणाऱ्यांत एकदा मीही होतो, याची कबुली येथे द्यायला हवी. तरुणपणी एका धर्मग्रामात मी छोटेसे वाचनालय चालवीत असे. तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलीने दारूपायी उद्ध्वस्त झालेल्या घराची कादंबरी मागितली. “तू अजून लहान आहेस, बाळ,” असे म्हणून मी ती वरच्या फळीवर ठेवली आणि तिच्या हाती एका संताचे चरित्र दिले. आपण एका कोवळ्या मनाचे रक्षण केले, या समाधानात मी त्या दिवशी झोपलो. पुढे बऱ्याच वर्षांनी ती भेटली, तेव्हा शांतपणे म्हणाली, “फादर, ते पुस्तक वाचण्याइतकी मी मोठी नव्हते, पण तेच सगळं घरात सोसण्याइतकी मोठी होते. त्यातली मुलगी पुढे काय करते, एवढंच मला बघायचं होतं.” मी तिला पुस्तक नाकारले, याहूनही एक गोष्ट मला अधिक बोचते. ते तिला का हवे आहे, हे मी विचारलेच नाही.

म्हणून मुलांच्या हाती काहीही द्यावे, असा याचा अर्थ नव्हे. संत पौलानेही करिंथकरांना आधी दूध पाजले, जड अन्न दिले नाही. काही पुस्तके दुःख दाखवतात, तर काही त्या दुःखाची चव घेतात. दुसऱ्या प्रकारची पुस्तके चाळिशीतल्या माणसालाही हितकर नाहीत. काही मुले फार हळवी असतात, वाचलेले चित्र त्यांना रात्र-रात्र झोपू देत नाही. त्यांच्यासाठी थोडे थांबणे यात शहाणपण आहे. पण हे बाहेरच्या कोणा मंडळाला कळणार नाही. ते त्या मुलाला ओळखणाऱ्यालाच कळेल. बारा-तेरापर्यंत पालकांनी पुस्तक आधी स्वतः वाचावे. त्यानंतर मुलांबरोबर वाचावे. आणि सोळा-सतरानंतर मुलांनी आपणहून वाचावे, पण घरात त्याविषयी बोलायची सोय असावी. माझा हिशेब ढोबळमानाने असा आहे. मूल वेगळे असेल, तर तो मोडावा.

त्या मातेलाही मी हेच सांगितले : आधी तुम्ही वाचा, मग लेकीजवळ बसा. ती घुटमळली. “पण फादर, वाचून तिनं मला काही विचारलं, तर मी काय सांगू?”

खरा प्रश्न तो होता. मुलीचे वय त्या पुस्तकाला पुरेसे आहे की नाही, हे आपण अवश्य पाहावे. परंतु तिच्या प्रश्नासमोर उठून न जाता बसून राहण्याइतके आपण मोठे झालो आहोत का, हे त्याआधी पाहावे.